वाळवंट विकून वाळवंट राखायचं?

लास वेगास खोऱ्याच्या सरकारी नकाशावर एक वेडीवाकडी रेघ आहे. रेघेच्या आतली केंद्र सरकारची जमीन लिलावात विकता येते, बाहेरची येत नाही. नेवाडा राज्यातली ८० टक्क्यांच्या आसपास जमीन केंद्राच्या मालकीची आहे. आमच्या क्लार्क काउंटीत हे प्रमाण त्याहूनही जास्त. १९९० मध्ये या काउंटीत साडेसात लाखांच्या आत माणसं होती, २०२० च्या जनगणनेत ती साडेबावीस लाखांवर गेली. शहर वाढत वाढत चहूबाजूंनी सरकारी जमिनीला भिडलं आणि १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सदर्न नेवाडा पब्लिक लँड मॅनेजमेंट अ‍ॅक्ट’ झाला. रेघेच्या आतली जमीन ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ने बाजारभावाने विकायची. आलेल्या पैशातले ५ टक्के राज्यातल्या शिक्षणाला, १० टक्के दक्षिण नेवाडाच्या जल प्राधिकरणाला आणि उरलेले ८५ टक्के एका वेगळ्या खात्यात. या खात्यातून नेवाडातल्या निसर्गदृष्ट्या नाजूक खासगी जमिनी विकत घ्यायच्या, अभयारण्यांत आणि संरक्षित क्षेत्रांत सोयी करायच्या, शहरालगत बागा आणि पायवाटा काढायच्या. आजवर यातून सुमारे ४ अब्ज डॉलर उभे राहिले आहेत.

मी हेंडरसनला राहते. लास वेगासला लागूनच असलेलं हे गाव याच लिलावांवर वाढलं. मला हा कायदा मनापासून पटतो. माझ्या मामांना पटत नाही. मामांची सगळी नोकरी महाराष्ट्रात, नगररचना खात्यात झाली. विकास आराखडे, आरक्षणं, गायरानांवरचे ताबे यांतच त्यांची हयात गेली. गेल्या मुक्कामात आमचा या विषयावर बराच वाद झाला. तो इथे मांडते आहे, कारण त्यांच्या काही प्रश्नांना सरकारी अहवालांतून उत्तर मिळत नाही आणि माझ्याकडूनही त्यांचं पूर्ण समाधान झालेलं नाही.

आम्ही शहराच्या कडेला उभे होतो. नव्या वसाहतीची कुंपणभिंत जिथे संपते तिथेच क्रिओसोटची झुडपं सुरू होतात. मध्ये ना शेत, ना माळ, ना एखादी वाडी.

“अगं, ही तर आपल्या सिडकोची गोष्ट,” मामा म्हणाले. “१९७० साली सिडको आली, पंच्याण्णव गावांची जमीन घेतली, सपाट करून विकली आणि त्याच पैशातून रस्ते, स्टेशनं, नवी मुंबई उभी केली. जमीन हेच भांडवल. मग तुमच्या कायद्यात नवीन काय?”

“तिथे जमीन विकून शहरच बांधलं, मामा. इथे शहराला जमीन विकतात आणि तो पैसा शहराबाहेरच्या रानावर घालतात.”

“बरं. पण ती जमीन मुळात होती कुणाची? १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच माणसं गेली, दि. बा. पाटील उभे राहिले, तेव्हा कुठे आपल्या लोकांना साडेबारा टक्क्यांची योजना मिळाली. इथल्या मूळ माणसांना तुमच्या पाच-दहा-पंच्याऐंशीमध्ये किती?”

“काहीच नाही,” मी म्हटलं. हे खोरं सदर्न पायूट लोकांचं. पुढे ज्या जागी शहराचा मध्य झाला तिथल्या झऱ्यांवर त्यांचा वावर होता. १९११ मध्ये हेलन स्टुअर्ट नावाच्या जमीनमालकिणीने त्यांच्या नावे १० एकर करून दिले, तेव्हा या जमातीला पाय ठेवायला हक्काची जागा मिळाली. १९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे संसदेने, शहराच्या वायव्येला आणखी सुमारे ३,८०० एकर परत केले. १९९८ च्या वाटणीत मात्र त्यांच्या नावाचा टक्का नाही. जमीन सार्वजनिक आहे असं म्हणताना ती सार्वजनिक कशी झाली हे कायद्याने विचारलं नाही. मला ही त्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

मामा थोडे निवळले, पण मुद्दा सोडला नाही. “मग तुला यात पटलं तरी काय?”

“कायदा नव्हता तेव्हा काय चालायचं ते ऐका. तेव्हा भर लिलावावर नव्हता, अदलाबदलीवर होता. कुणीतरी दूरच्या डोंगरातली खासगी जमीन सरकारला द्यायची आणि मोबदल्यात लास वेगासच्या कडेची सरकारी जमीन घ्यायची. हॉवर्ड ह्यूजेसने १९५० च्या दशकात अशाच अदलाबदलीत सुमारे २५,००० एकर मिळवले. आज तिथे समरलिन आहे, या खोऱ्यातलं सगळ्यात नावाजलेलं उपनगर. किंमत ठरायची मूल्यांकन करणाऱ्याच्या कागदावर, आणि बोली लावायला समोर दुसरा कुणी नसायचा. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००० साली यावर अहवाल काढला. त्यात नेवाडातलं एक प्रकरण आहे. अदलाबदलीत ७ लाख ६३ हजार डॉलर किमतीची म्हणून मिळालेली सरकारी जमीन घेणाऱ्याने त्याच दिवशी ४६ लाख डॉलरना विकली.”

“त्याच दिवशी?”

“त्याच दिवशी. मधले सगळे पैसे जनतेचे होते. आता उघड लिलाव होतो. कुठला तुकडा विकायचा हे काउंटी किंवा महापालिका आणि ब्युरो मिळून ठरवतात. आणि पैसा वॉशिंग्टनच्या तिजोरीत न जाता नेवाडातच खर्च होतो.”

मामांनी मान डोलावली. मूल्यांकनाच्या कागदांचं त्यांना मी काय सांगणार? रेडी रेकनरचा दर आणि बाजाराचा दर यांतल्या फटीतून काय काय वाहून जातं हे त्यांनी जन्मभर पाहिलं आहे. “लिलाव बरा,” ते म्हणाले, “एवढं मान्य. आता त्या पैशाचं काय झालं ते दाखव.”

म्हणून मी त्यांना मोआपा डेसची गोष्ट सांगितली. लास वेगासच्या ईशान्येला तासाभराच्या अंतरावर मडी नदी उगम पावते. तिचे झरे कोमट आहेत, साधारण ३२ अंश सेल्सिअस. त्या पाण्यात बोटाएवढा एक मासा राहतो. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका ही त्याची खूण. जगात दुसरीकडे तो कुठेही नाही, आणि वीण तर झऱ्यांच्या अगदी तोंडाशी, जिथे पाणी सगळ्यात ऊन असतं तिथेच होते. झऱ्याची धार थोडी आटली किंवा पाणी थोडं निवलं की याचं घरच गेलं. १९६७ पासून तो संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. त्या झऱ्यांभोवतीची १,२२० एकर जमीन खासगी होती. २००७ मध्ये जल प्राधिकरणाने ती या कायद्याच्या पैशातून विकत घेतली. आज तिथे परके ताड काढून प्रवाह मोकळे केले जात आहेत आणि माशांची नियमित मोजणी होते.

“शहराच्या कडेचं क्रिओसोटचं माळरान विकलं आणि त्या पैशात जगातला एकमेव झरा घेतला,” मी म्हटलं. “मला हा व्यवहार फायद्याचा वाटतो. सगळी जमीन सारख्या मोलाची नसते.”

“नसतेच. पण एक सांग, मासा ज्या पाण्यात आहे त्या पाण्यावर डोळा कुणाचा? शहराला पाणी पुरवणाऱ्याचाच ना? त्याच्याच हातात झरा दिलात?”

प्रश्न योग्य होता. लास वेगासचं सुमारे ९० टक्के पाणी कोलोराडो नदीवरच्या लेक मीडमधून येतं. २०२२ च्या उन्हाळ्यात हा तलाव पहिल्यांदा भरल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीला गेला, तेव्हा भूजलाकडे नजर जाणं साहजिक होतं. “हो,” मी म्हटलं, “म्हणून केंद्राच्या वन्यजीव खात्याशी करार आहे. झऱ्याचा प्रवाह ठरावीक पातळीखाली गेला की आसपासचा उपसा कमी करायचा. मालक कोण यापेक्षा हा करार किती पाळला जातो यावर माशाचं जगणं आहे.”

“करार पाळला जातोय का हे बघायला माणूस लागतो. दर महिन्याला, दर वर्षाला. त्याचा पगार कुठून?”

इथे मामांनी माझ्या आवडत्या कायद्याच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. जमिनीच्या विक्रीचा पैसा एकदाच येतो आणि तोही बाजाराच्या मर्जीने. २००४ मध्ये हेंडरसनच्या दक्षिणेला १,९४० एकरांचा एक तुकडा ५५.७ कोटी डॉलरना गेला. त्या तेजीत खात्यात इतके पैसे आले की ते खर्चायची घाई झाली. २००८ मध्ये घरांचा बाजार कोसळला. त्या तुकड्यावरच्या वसाहतीचं काम रखडलं, बिल्डर कर्जात बुडाले, आणि लिलावाला बोली लावणारेच उरले नाहीत. पाणवठ्यावरचं तण मात्र बाजार बघून वाढत नाही.

मग मी मामांना वाळवंटी कासवाबद्दल सांगितलं, जरी ती गोष्ट माझ्या बाजूची नव्हती. हे कासव आयुष्याचा बहुतेक काळ बिळात काढतं. पावसाचं पाणी ते मूत्राशयात साठवून ठेवतं आणि महिनोन् महिने त्यावर तगतं. कौतुकाने कुणी उचललं तर घाबरून ते सगळं पाणी सोडून देतं आणि पुढच्या कोरड्या हंगामात तहानेने मरू शकतं. म्हणून इथल्या मुलांना शाळेतच शिकवतात: बघा, पण हात लावू नका. १९९० मध्ये हे कासव संरक्षित यादीत आलं. त्यानंतर त्याच्या रानात बांधकाम करणाऱ्याकडून एकरी ५५० डॉलर शुल्क घ्यायची पद्धत पडली. हा पैसा लिलावाच्या खात्यातला नव्हे, वेगळा. पण त्याचाही झरा बांधकामच. शहराबाहेर कासवांचं एक केंद्र त्यावर चालायचं. घरांचा बाजार बसला तसं शुल्क आटलं. वर्षाचा खर्च दहा लाख डॉलर, आणि अकरा महिन्यांत गोळा झाले २ लाख ९० हजार. २०१३ मध्ये केंद्र बंद करायचं ठरलं. आजारी कासवांना दयामरण द्यावं लागेल अशी बातमी आली तेव्हा देशभरातून लोक हळहळले. धडधाकट कासवं दक्षिणेला जीन गावापलीकडच्या वाळवंटात सोडली गेली.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “शेत विकून विहीर खणली तर मी समजू शकतो. पण शेत विकून किराणा भरायला लागलं, की पुढच्या वर्षी आणखी शेत विकावं लागतं. तुमच्या कासवांचं तेच झालं. शहर पसरलं तर कासवाच्या रानावर नांगर, आणि शहर थांबलं तर कासवाच्या औषधाला पैसा नाही. कसंही झालं तरी मरण कासवाचंच.”

“पण मामा, मूळ कायद्याने विहिरीच खणायच्या ठेवल्या होत्या. जमीन घेणं, इमारती बांधणं, पायवाटा काढणं. रेड रॉक कॅन्यनचं नवं अभ्यागत केंद्र याच पैशातून झालं, २०१० मध्ये.”

“आणि ते रोज उघडायला, झाडायला, चालवायला?”

“त्यासाठी केंद्राच्या वार्षिक अर्थसंकल्पाकडे हात पसरावा लागतो.”

“म्हणजे इमारत पक्की आणि माणसं कच्ची.”

यावर मी वाद घातला नाही. मला उलट हे ठामपणे म्हणायचं आहे की विक्रीच्या पैशातला एक ठरीव हिस्सा कायमच्या ठेवीत ठेवायला हवा होता, म्हणजे निदान घेतलेल्या जमिनींची देखभाल व्याजावर झाली असती. तेजीच्या वर्षांत हे सहज जमलं असतं. त्याऐवजी यादी वाढत गेली. २००३ मध्ये याच खात्यातून लेक टाहोसाठी आठ वर्षांत ३० कोटी डॉलर द्यायचं ठरलं. टाहो सुंदर आहे आणि त्याचं पाणी निवळ राखायलाच हवं. पण ते राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर, लास वेगासपासून सातशे किलोमीटरवर आहे. ज्या मोहावी वाळवंटाचे एकर गेले त्याच्या वाट्याचा पैसा तिकडे वळला.

मामांना एकदम ‘कॅम्पा’ आठवलं. ते आठवणारच. आपल्याकडे जंगलाची जमीन धरणाला, खाणीला, रस्त्याला दिली की त्याचं मोल भरून घेतात आणि त्या पैशातून दुसरीकडे झाडं लावायची असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये या निधीचा आदेश दिला, पैसा वर्षानुवर्षं केंद्राकडे साचत राहिला, २०१६ मध्ये कायदा झाला, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये एकदम ४७ हजार ४३६ कोटी रुपये राज्यांच्या हवाली झाले.

“पैसा होता,” मामा म्हणाले, “पण जंगल गेलं त्या तालुक्यात झाड लावायला जागा नव्हती. मग दुसऱ्या जिल्ह्यात, कुठल्या तरी माळावर रोपं. तिथे माळढोकाला, काळविटाला माळच हवा असतो, हे कोण बघतं? तुमचं टाहो आणि आमचा तो माळ, मला दोन्हींत एकच दोष दिसतो. एकदा जमिनीचे पैसे झाले की पैशाला गाव राहत नाही.”

“म्हणूनच तो पैसा बांधून ठेवणं महत्त्वाचं,” मी म्हटलं. “आणि या कायद्याने ते बऱ्याच अंशी केलं. २००५ मध्ये बुश प्रशासनाने अर्थसंकल्पात प्रस्ताव आणला की लिलावातून अपेक्षेपेक्षा फार पैसा येतोय, तेव्हा त्यातला ७० टक्के केंद्राच्या तिजोरीत वळवा. नेवाडाच्या दोन्ही पक्षांच्या लोकांनी तो हाणून पाडला. २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा तसंच झालं. नेवाडा आणि युटामधली सरकारी जमीन विकून पैसा थेट तिजोरीत भरायची दुरुस्ती लोकप्रतिनिधी सभेत आली आणि मागे घ्यावी लागली. जूनमध्ये सिनेटमधून पश्चिमेकडच्या राज्यांतली लाखो एकर जमीन विकायचा प्रस्ताव आला. त्यावर शिकारी, मासेमार, गिर्यारोहक सगळेच तुटून पडले आणि महिनाअखेर तोही गेला. जमीन विकायची की नाही एवढाच प्रश्न असता तर नेवाडातून मेमधल्या त्या दुरुस्तीला इतका विरोध झालाच नसता, कारण नेवाडा पंचवीस वर्षं जमीन विकतोय. विरोध झाला तो रेघ आणि वाटा, दोन्ही पुसले जात होते म्हणून.”

“रेघ,” मामा म्हणाले. “त्या रेघेवरच येऊया. ती १९९८ मध्ये काढली तिथेच आहे का?”

नाही. २००२ मध्येच ती बाहेर सरकली. त्या बदल्यात दक्षिणेला स्लोन कॅन्यन हे संरक्षित क्षेत्र झालं, जिथल्या खडकांवर जुनी शेकडो कोरीव चित्रं आहेत. एकदा ती आतही आली आहे, आणि ती गोष्ट मला फार मोलाची वाटते. खोऱ्याच्या उत्तरेला, घरांना अगदी खेटून, राखाडी मातीचे उघडे बोडके ओहोळ आहेत. वाहनं फिरवायची, कचरा टाकायची जागा. त्या मातीत हिमयुगातले मॅमथ, उंट आणि सिंह यांची हाडं दडलेली होती. ही जमीन विक्रीच्या रेघेच्या आत होती. आसपासच्या रहिवाशांनी, त्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये तिथे २२,६५० एकरांचं टूल स्प्रिंग्ज जीवाश्म राष्ट्रीय स्मारक झालं. लोकांनी तिचा लिलाव होऊ दिला नाही.

“हे मला सगळ्यात आवडलं,” मामा म्हणाले. “कारण हाडं तिथे आहेत हे माणसांना माहीत होतं. पण ज्या तुकड्यात काय आहे हे कुणी पाहिलंच नाही, तो गेला असेल. ‘नुसतं वाळवंट’ म्हणून. आपल्याकडे ‘पडीक’ म्हणतात आणि पाणथळीत भराव घालतात.”

मी घरांचा मुद्दा काढला. शहर वाढणारच असेल तर माणसांना राहायला जागा हवी, आणि चढ्या बोलीने विकलेल्या जमिनीवर स्वस्त घर कसं होणार? कायद्यात परवडणाऱ्या घरांसाठी कमी दराने जमीन द्यायची तरतूद पहिल्यापासून आहे, पण ती फार काळ कागदावर राहिली. २०२३ मध्ये दर एकरी १०० डॉलर ठरला आणि २०२४ मध्ये काउंटीला २० एकर त्या दराने मिळाले. निसर्गाच्या खात्याला यातून जवळजवळ काही मिळत नाही. तरीही हे मला योग्य वाटतं.

“अगं, हे तर मलाही योग्य वाटतं,” मामा म्हणाले. “बंगल्यांना विकून मासा वाचवण्यापेक्षा गरिबाच्या घराला देऊन मासा सरकारच्या नेहमीच्या पैशातून वाचवावा. मासा वाचवणं हे सरकारचं रोजचं काम आहे. त्याला दरवेळी काहीतरी विकावं लागतं, ही सवयच मला घातक वाटते.”

“आणि नेहमीचा पैसा मिळालाच नाही तर? तो झरा २००७ मध्ये विकायला होता. तेव्हा या खात्यात पैसा होता म्हणून घेता आला. काँग्रेसच्या दारात उभं राहिलो असतो तर अजून उभेच असतो.”

“असेल तसं,” ते म्हणाले. तेवढंच.

आता नव्या रेघेचा वाद चालू आहे. काही वर्षांपासून काँग्रेसपुढे एक विधेयक येतं आणि पडून राहतं. विक्रीची हद्द सुमारे २५,००० एकरांनी वाढवायची आणि त्याबरोबर काउंटीत जवळपास २० लाख एकरांना संरक्षण द्यायचं. नव्या हद्दीचा मोठा भाग दक्षिणेला, आंतरराज्य महामार्ग १५ च्या कडेने जीनच्या दिशेने जातो. मी मामांना नकाशा दाखवला. त्यांनी तो जुन्या सवयीने आडवा-उभा करून पाहिला आणि जीनवर बोट ठेवून विचारलं, “कासवं इकडेच सोडली होती ना?”

“त्याच बाजूला. या हद्दीच्या पलीकडे.”

“आज पलीकडे.”

मी तरीही त्या विधेयकाच्या बाजूची आहे, अटींसह. पायूट जमातींचा वाटा त्यात लिहिला जावा. विक्रीच्या पैशातला हिस्सा देखभालीच्या कायम ठेवीत जावा. मोहावीचा पैसा मोहावीत राहावा. आणि तुकडा लिलावात काढण्याआधी त्यावर काय जगतं याची पाहणी एका पावसाळी वर्षात तरी व्हावी, कारण इथल्या कित्येक रानफुलांचं बी चांगला पाऊस पडेपर्यंत मातीत पडून राहतं आणि कोरड्या वर्षी तिथे काहीच नाही असं वाटतं.

मामांची अट एकच होती: ही शेवटची रेघ, असं कायद्यात लिहा. मी म्हटलं, तसं लिहिता येत नाही; एका काँग्रेसने केलेला कायदा दुसरी काँग्रेस बदलू शकते. “मग वीस लाख एकरांना आधी संरक्षण द्या,” ते म्हणाले, “नोंद होऊ दे, खुणांचे दगड रोवले जाऊ देत, आणि नंतर लिलाव. आधी लिलाव आणि संरक्षण मागाहून, असं झालेलं मी खूप पाहिलंय.” विधेयकात असा क्रम आहे का, हे मी त्यांच्यासमोरच वाचायला घेतलं. त्यात दोन्ही गोष्टी एकाच दिवशी लागू होतात. मामांनी पेन्सिल मागितली आणि समासात लिहिलं: ‘आधी दगड’.